डॉसनव्हिलचा भोंगा : एलियट बाप-लेकाच्या मागावर सहा दिवस

पहिला दिवस, मंगळवार : अटलांटा ते डॉसनव्हिल

डॉसनव्हिल हे जॉर्जियातलं, नॅसकार मोटार शर्यतींचे विजेते बिल आणि चेस एलियट या बाप-लेकाचं गाव. मार्चअखेरीला अटलांटात उतरलं की विमानतळाबाहेरच्या प्रत्येक गाडीवर हळद सांडल्यासारखा पिवळा थर दिसतो. ते पाइनचे पराग. भाड्याची गाडी ताब्यात घेतली की वायपर फिरवण्याआधी काचेवर भरपूर पाणी मारायचं, नाहीतर सगळी काच चिकट होऊन बसते. सर्दी-शिंकांचा त्रास असलेल्यांनी गोळ्या घरूनच न्याव्यात.

उत्तरेला जाणारा ४०० नंबरचा रस्ता अल्फारेटा आणि कमिंगवरून जातो. या भागात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे पोहे, मेतकूट, तयार पोळ्या सगळं मिळतं. शाकाहारी मंडळींनी आठवड्याची शिदोरी इथेच भरून घ्यावी. पुढे त्यांच्या वाट्याला येतात त्या मुख्यतः उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. जॉर्जियात रस्त्याच्या कडेला मोठ्या पातेल्यांत मिठाच्या पाण्यात त्या तासन्‌तास शिजत असतात. आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी जास्त शिजवतात, दाणा अगदी शिजलेल्या वाटाण्यासारखा मऊ होतो. कागदी पेल्यातून गरम गरम घ्याव्यात. सालपटं टाकायला दुसरा पेला मागून घ्यावा.

या अल्फारेटातच चेस एलियटची शाळा. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याने नॅसकारच्या, म्हणजे अमेरिकेत स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, दुसऱ्या फळीच्या मालिकेत आधी टेक्सास आणि लगेच पुढच्या आठवड्यात डार्लिंग्टन जिंकलं. मे महिन्यात शाळा संपली आणि नोव्हेंबरात तो त्या मालिकेचा विजेता ठरला. तेव्हा तो १८ वर्षांचा होता, पूर्ण हंगाम खेळण्याचं पहिलंच वर्ष होतं. डार्लिंग्टनला शेवटच्या दोन फेऱ्या उरल्या असताना तो सहावा होता. चाकांना ताजे टायर होते आणि त्या खरखरीत डांबरावर ताजा टायर म्हणजे सोनं. दोन फेऱ्यांत पाच गाड्या मागे टाकून तो जिंकला.

अटलांटापासून डॉसनव्हिल साधारण ९५ किलोमीटर. मध्यभागी जुनं कोर्ट, भोवती चौक आणि चौकाला लागून डॉसनव्हिल पूल रूम. १९६६ पासूनचं हे खाण्याचं ठिकाण. भिंतींवर फोटो, गाड्यांचे पत्रे, जुन्या टोप्या. रिकामी जागा शोधावी लागते. आणि छपरावर भोंगा. बिल एलियट जिंकला की तो वाजायचा, आता बिलचा मुलगा चेस जिंकला की वाजतो. इथला बुली बर्गर प्रसिद्ध आहे. शाकाहारींसाठी तळलेले बटाटे आहेत, आणि बसायला भरपूर वेळ. इथे कुणी घाई करत नाही. वाढणाऱ्या बाई प्रत्येक टेबलाला 'हनी' म्हणतात आणि भिंतीवरच्या कुठल्याही फोटोबद्दल विचारलं की हातातली ताटली तशीच धरून पूर्ण गोष्ट सांगतात.

स्टॉक कार म्हणजे मुळात दुकानातून घेतलेली साधी गाडी. आज बाहेरचा आकार तेवढा तसा उरलाय, आत सगळं शर्यतीसाठी घडवलेलं असतं. बिलच्या काळात मोठे संघ शार्लटच्या आसपास होते. एलियटांनी मात्र गाड्या डॉसनव्हिलमध्येच बांधल्या. वडील जॉर्ज यांचा फोर्ड गाड्यांचा व्यवसाय होता. एर्नीने इंजिनं बांधायची, डॅनने गिअर सांभाळायचे आणि बिलने गाडी चालवायची, अशी तीन भावांची वाटणी. बिलची पहिली मोठी शर्यत १९७६ सालची, रॉकिंगहॅमला. पहिला विजय १९८३ च्या शेवटच्या शर्यतीत, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला. मधली सात वर्षं गेली, आणि त्यात तो आठ वेळा दुसरा आला होता. हा आठ आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा दिवस, बुधवार : दफनभूमी आणि दारूची साखर

सकाळी धुकं होतं. ऊन येईपर्यंत दफनभूमीत जायचं ठरलं आणि ते बरोबर ठरलं, कारण लॉइड सी याच्या थडग्यावरचं कोरीवकाम तिरक्या उजेडात जास्त उठून दिसतं. दगडावर १९३९ सालची फोर्ड कूप कोरलेली आहे आणि चालकाच्या खिडकीच्या जागी त्याचा खराखुरा फोटो बसवलाय. बोटभर उंचीचा चेहरा. गाडी दगडाची आणि आतून माणूस बघतोय. लॉइड २१ वर्षांचा होता. १ सप्टेंबर १९४१ ला त्याने अटलांटाच्या लेकवुड मैदानावर शर्यत जिंकली आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच नात्यातल्या एका भावाने त्याला गोळी घातली. भांडण साखरेच्या पैशांवरून होतं. साखर लागायची गावठी दारूला.

या डोंगरांत मक्याची दारू गाळून रातोरात अटलांटाला पोचवणं हा तेव्हा अनेकांचा पोटापाण्याचा धंदा होता, आणि स्टॉक कार शर्यतीचं एक मूळ तिथेच आहे. त्या गाड्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. फोर्डचं व्ही-८ इंजिन सुधारून घ्यायचं, मागची सीट काढून तिथे दारू भरायची आणि मागे कडक स्प्रिंगा घालायच्या. स्प्रिंग साधी ठेवली तर ओझ्याने गाडीचं बूड खाली बसतं, वळणावर गाडी डोलते आणि पोलिसांनाही लांबून माल कळतो. कडक स्प्रिंग घातली तर भरलेली गाडी सरळ दिसते, पण रिकामी परत येताना शेपटी वर करून धावते आणि त्यावरूनही ओळखू यायची. स्प्रिंग, वजन आणि वळण यांचं हे गणित पुढे थेट शर्यतीत आलं. लॉइडच्या गाड्यांचा मालक रेमंड पार्क्स मूळचा डॉसनव्हिलचाच. १९४९ साली नॅसकारने आजच्या मुख्य मालिकेचा पहिला हंगाम घेतला, तो पार्क्सच्या गाडीतून रेड बायरनने जिंकला.

गावातलं जॉर्जिया रेसिंग हॉल ऑफ फेम दीड-दोन तासांत नीट पाहून होतं, पण तीन तास ठेवा. पहारा करणारे आजोबा स्वतः येऊन बोनेट उघडून दाखवतात. शेजारी आता परवानाधारक दारूभट्टी आहे. दुपारी ॲमिकलोला धबधबा करता येतो. ७२९ फूट उंच, गावापासून अर्ध्या तासावर. पायऱ्या खूप आहेत, गुडघे दुखत असतील तर गाडीने वरच्या वाहनतळावर जावं.

तिसरा दिवस, गुरुवार : टॅलाडेगा

टॅलाडेगा हा अलाबामातला शर्यतीचा मोठा ट्रॅक. पहाटे निघावं. अंतर सुमारे २६५ किलोमीटर, अटलांटाची सकाळची गर्दी टाळायची असेल तर सहाच्या आत शहर ओलांडायला हवं. अलाबामात शिरलं की घड्याळ एक तास मागे जातं. त्यामुळे लवकर पोचलात तर दार बंदच असतं, आणि परतताना तोच तास हातातून जातो. तिथल्या संग्रहालयाशेजारून बसने मैदानात नेतात. शर्यतीच्या किंवा चाचणीच्या दिवशी ही फेरी नसते, आधी चौकशी करावी.

टॅलाडेगाची फेरी २.६६ मैलांची आणि वळणांचा उतार ३३ अंश. आकड्याने कळत नाही. बस उताराच्या पायथ्याशी थांबते तेव्हा खिडकीतून वर बघितलं तर डांबराची भिंत दिसते. त्यावर सरळ चढायला गेलं तर चौथ्या-पाचव्या पावलाला हात टेकावे लागतात.

५ मे १९८५. बिल पहिल्या जागेवरून निघाला होता, पात्रता फेरीचा वेग ताशी २०९.३९८ मैल. अठ्ठेचाळिसाव्या फेरीला गाडीतून धूर यायला लागला. तेलाच्या नळीची जोडणी सैल झाली होती. ती दुरुस्त होईपर्यंत मिनिटाहून जास्त वेळ गेला आणि तो जवळजवळ दोन फेऱ्या, म्हणजे पाच मैल, मागे पडला. अशा वेळी चालकाची आशा पिवळ्या झेंड्यावर असते. अपघात होतो, सगळे हळू होतात, अंतर मिटतं. त्या दिवशी बिलला पिवळ्या झेंड्याची मदत झालीच नाही. त्याने हिरव्या झेंड्याखाली, पूर्ण वेगात असलेल्या गाड्यांना ओलांडत ते पाच मैल भरून काढले, १४५व्या फेरीला आघाडी घेतली आणि जिंकला. ५०० मैलांचा सरासरी वेग ताशी १८६.२८८ मैल, म्हणजे जवळपास ३०० किलोमीटर. त्या वर्षी त्याने डेटोना, टॅलाडेगा आणि डार्लिंग्टनच्या मोठ्या शर्यती जिंकून दहा लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. हंगामात एकूण ११ विजय.

हे कशामुळे जमलं? एर्नीच्या इंजिनात ताकद होती आणि थंडरबर्ड गाडी हवेत कमी अडत होती. पुढच्या गाडीच्या पाठीला चिकटून हवेचा आडोसा घेणं, ज्याला ड्राफ्ट म्हणतात, ते टॅलाडेगाला सगळेच करतात. त्या दिवशी बिलची गाडी एकटीच इतकी पळत होती की आडोशाची गरज नव्हती.

दोन वर्षांनी इथेच त्याने २१२.८०९ मैलांची पात्रता फेरी मारली. ४४.९९८ सेकंद. तो विक्रम अजून तसाच आहे आणि तसाच राहील, कारण त्याच शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांपुढच्या जाळीवर आदळली. १९८८ पासून इथे इंजिनात जाणारी हवा भोकांच्या पट्टीने रोखायला सुरुवात झाली. आज पट्टीचा प्रकार बदललाय, तत्त्व तेच आहे. त्यामुळे आता सगळ्या गाड्यांची ताकद जवळपास सारखी, सगळे एका झुंडीत पळतात आणि एकाची चूक पंधरा गाड्यांना भोवते.

१९८८ साली बिल मुख्य मालिकेचा विजेता झाला. कारकिर्दीत ४४ विजय. चेसचा जन्म नोव्हेंबर १९९५ चा, म्हणजे बापाचे १९८५ ते १९८८ चे हे दिवस त्याच्या जन्माआधीचे.

चौथा दिवस, शुक्रवार : जेफर्सनवरून कॉन्कॉर्ड

डॉसनव्हिलहून शार्लटकडे जाताना वाटेत जेफर्सन लागतं. इथला अर्ध्या मैलाचा डांबरी ट्रॅक बाहेरूनच पाहिला तरी चालेल, पण चेसची खरी तालीम कुठली हे समजायला तो पाहावा. लेट मॉडेल, म्हणजे स्थानिक पातळीवरच्या स्टॉक कार, यांच्या शर्यती अशा छोट्या ट्रॅकवर होतात. इथे आडनाव कामाचं नाही. एलियट आडनावामुळे दारं लवकर उघडली यात शंका नाही. २०११ साली पंधराव्या वर्षी हेंड्रिक या बड्या शर्यत-संघाने त्याच्याशी करार केला, तसा करार शेजारच्या गावातल्या पोराला मिळत नाही. पण दार उघडल्यावर आत शंभर फेऱ्यांनंतर टायर वाचवायचा कसा, हे ज्याचं त्याला शिकावं लागतं.

लेट मॉडेलमध्ये चालकाने काय सांगायचं असतं ते थोडक्यात असं. सगळी वळणं डावीकडे. स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही आणि नाक बाहेरच्या भिंतीकडे ढकलत जातं तेव्हा ती 'टाइट'. मागचा भाग सुटून घसरतो तेव्हा 'लूज'. लूज गाडी जलद असते पण मागचा उजवा टायर खाते. शर्यत लांब असेल तर सुरुवातीला किंचित टाइट ठेवलेली बरी. उपाय तीन. मागच्या डाव्या स्प्रिंगवरचा स्क्रू आवळून तिरपं वजन वाढवलं की गाडी टाइट होते, सैल केला की लूज. दुसरा टायरमधली हवा. तिसरा उपाय टायरच्या घेराचा: उजवा मागचा टायर डाव्यापेक्षा थोडा मोठ्या घेराचा लावतात. निमुळता पेला जमिनीवर लोळवला की तो आपोआप गोल फिरतो, तसाच हा प्रकार. नवखा चालक 'गाडी नीट नाही' एवढंच म्हणतो. वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना, नेमकं कुठे काय होतंय हे जो सांगतो त्याची गाडी सुधारते. गॅरेजात वाढलेल्या पोराला मिळालेला वारसा मला तरी यातच दिसतो: ऐकू येईल, जाणवेल आणि शब्दांत सांगता येईल अशी गाडी.

डिसेंबर २०११ मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोलाची ३०० फेऱ्यांची स्नोबॉल डर्बी ही लेट मॉडेलची शर्यत त्याने सोळाव्या वर्षी जिंकली. तितक्या लहान वयात ती आधी कुणी जिंकली नव्हती. २०१३ मध्ये पुन्हा पहिला आला, पण तपासणीत गाडीत टंगस्टनचं वजन सापडलं आणि विजय गेला. वजन भरायला शिसं चालतं, टंगस्टन तिथे चालत नव्हतं. कारण सरळ आहे: टंगस्टन शिशापेक्षा दीडपटीहून जास्त घन, तेवढंच वजन लहान तुकड्यात मावतं आणि गाडीच्या तळाशी हवं तिथे बसवता येतं, शिवाय ते महाग. २०१५ मध्ये तो परत गेला आणि डर्बी पुन्हा जिंकली.

कॉन्कॉर्डला हेंड्रिकच्या आवारातलं संग्रहालय आणि दुकान पाहता येतं, प्रवेश फुकट. शर्यतीच्या आठवड्यात वेळा बदलतात, फोन करून जावं. शार्लटमधल्या नॅसकार हॉल ऑफ फेममध्ये चढणीचा एक रस्ता केलाय, सपाटीपासून ३३ अंशांपर्यंत उतार वाढत जातो आणि त्यावर गाड्या उभ्या आहेत. टॅलाडेगा आधी पाहिलेलं असेल तर पायांना तो उतार लगेच ओळखू येतो.

पाचवा दिवस, शनिवार : लेव्हल क्रॉस

मार्टिन्सव्हिलच्या वाटेवर २२० नंबरच्या रस्त्यालगत पेटी घराण्याचं संग्रहालय आहे. शर्यतीच्या घराण्यांबद्दल बोलायचं आणि इथे थांबायचं नाही हे बरोबर नाही. ली पेटीने १९५९ ची पहिली डेटोना ५०० जिंकली. मुलगा रिचर्ड सात वेळा विजेता, २०० विजय. नातू काइल. आणि पणतू ॲडम, जो मे २००० मध्ये न्यू हॅम्पशायरला सराव करताना अपघातात दगावला. वय १९. त्याच जागी दोन महिन्यांनी केनी अर्विन हा चालकही दगावला. दोन्हीकडे संशय अडकलेल्या थ्रॉटलचा होता. त्यानंतर स्टिअरिंगवरच इंजिन बंद करायचं बटण बसवणं सक्तीचं झालं. जुन्या आणि नव्या गाडीचं स्टिअरिंग शेजारी ठेवून पाहा. नव्यात अंगठा सहज पोचेल अशा जागी ते बटण असतं. हात न सोडता दाबता यावं म्हणून.

ॲडमच्या नावाने पेटी कुटुंबाने जवळच आजारी मुलांसाठी शिबिर उभारलं, २००४ पासून ते चालू आहे.

सहावा दिवस, रविवार : मार्टिन्सव्हिल

०.५२६ मैलांचा ट्रॅक, पेपरक्लिपच्या आकाराचा. सरळ रस्ते डांबरी, वळणं काँक्रीटची, उतार फक्त १२ अंश. वसंतातली शर्यत ४०० फेऱ्यांची, म्हणजे चालकाने ८०० वेळा ब्रेक मारायचा. ब्रेकची उष्णता रिंगेत साचते. पूर्वी तर त्या उष्णतेने टायरची कडा वितळून टायर फुटायचे. म्हणून पुढच्या पत्र्यातून पाइप टाकून ब्रेकवर हवा सोडतात. त्या पाइपाच्या तोंडावर कचरा बसला तर थोड्याच फेऱ्यांत पेडल खोल जायला लागतं.

कानात बोळे घाला आणि वरून हेडफोनवाला स्कॅनर भाड्याने घ्या. आवडत्या गाडीचा क्रू चीफ (डावपेच ठरवणारा संघप्रमुख) आणि छपरावरचा टेहळ्या काय बोलतात ते थेट ऐकू येतं, आणि मग 'टाइट', 'लूज' हे शब्द प्रत्येक पिट स्टॉपआधी, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबण्याआधी, कानावर पडतात. २०२२ पासूनच्या नव्या गाडीला प्रत्येक चाकाला पाचऐवजी एकच मोठा नट आहे, त्यामुळे चारही चाकं दहा-अकरा सेकंदांत बदलतात. खाण्याची मऊ पिशवी आत नेता येते, काचेची बाटली नाही. इथला लालभडक हॉट डॉग, वर तिखट खिमा, कोबी, कांदा, मोहरी, मेणकागदात गुंडाळलेला. त्यात डुकराचं मांस असतं, न खाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. दुपारी ऊन कडक आणि सहानंतर एकदम गारठा, जाकीट लागतंच.

चेसच्या वाटचालीत हे मैदान मधोमध येतं. २०१६ मध्ये त्याने जेफ गॉर्डनची २४ नंबरची गाडी घेतली, डेटोनाला पहिल्याच वर्षी पहिल्या जागेवरून निघाला, नवोदितांत सर्वोत्तम ठरला. पण जिंकत नव्हता. आठ वेळा दुसरा. २०१८ मध्ये त्याला बापाचा ९ नंबर मिळाला आणि त्या ऑगस्टात वॉटकिन्स ग्लेनला, ९९व्या शर्यतीत, तो जिंकला. रिव्हरसाइडसारखाच वळणावळणांचा रस्ता, आणि आधी बापाइतकीच आठ दुसरी स्थानं. इंधन संपलेली गाडी नंतर सहकारी जिमी जॉन्सनने मागून ढकलत आणली. डॉसनव्हिलमध्ये भोंगा वाजला.

१ नोव्हेंबर २०२० ला मार्टिन्सव्हिलला त्याच्यापुढे एकच वाट होती, जिंकणं. नाहीतर शेवटच्या शर्यतीत विजेतेपदासाठी झुंजणाऱ्या अंतिम चौघांत जागा नव्हती. एका पिट स्टॉपला त्याचा जॅकवाला, म्हणजे गाडी उचलणारा माणूस, वेळेआधी भिंतीवरून उतरला. तसंच काम सुरू ठेवलं असतं तर दंड, आणि दंड म्हणजे हंगाम संपला. तो वळला, भिंतीला हात लावून आला आणि मग जॅक लावला. गेले असतील एक-दोन सेकंद. चेस जिंकला, इथल्या बक्षिसाचं उंच लंबकाचं घड्याळ घरी नेलं. पुढच्या रविवारी फीनिक्सला तपासणीत गाडी दोनदा अडली म्हणून सगळ्यांच्या मागून निघावं लागलं. ३१२ पैकी १५३ फेऱ्या आघाडीवर राहून तो शर्यत आणि मालिका दोन्ही जिंकला. पेटी आणि जॅरेट यांच्यानंतर बाप-लेक दोघेही विजेते असलेली ही तिसरी जोडी. प्रेक्षकांच्या बाकांवरून पिटची ती भिंत अगदी समोर दिसते. कमरेएवढीच आहे.

शेजारच्या बाकावर ९ नंबरची उन्हाने विटलेली टोपी घातलेले एक गृहस्थ होते. डॉसनव्हिलहून येतोय म्हटल्यावर त्यांनी हेडफोन काढला आणि विचारलं, "भोंगा ऐकलात?" नाही, म्हटलं. मंगळवारी-बुधवारी कसा वाजणार. त्यांनी मान हलवली आणि सांगितलं की इथे दरवर्षी येता येईल, एखादा शर्यतीचा रविवार मात्र त्या चौकात काढा, शेवटच्या वीस फेऱ्यांना रस्त्यावर येऊन उभे राहा. मग हेडफोन चढवून पुन्हा ट्रॅककडे वळले.